परीक्षकाची जाण

डॉ. विशाखा वानखडे यशोदा इंगळेला तपासायला बसली तेव्हा बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं आणि कूलरमधल्या भिजलेल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता. टेबलावर दोघींच्या मधोमध बशीएवढी एक काळी चकती होती. सरकारी कागदांत तिचं नाव 'मनःस्थिती नोंद प्रणाली' असं लांबलचक होतं, पण अकोल्याबाहेरच्या त्या नव्या मनोरुग्णालयात शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळे तिला 'कान' म्हणत.

"आज वार कोणता?"

"गुरुवार," यशोदा म्हणाली. "काल जेवनात भरीत व्हतं. भरीत बुधवारी रायते."

"नवऱ्याचा आवाज ऐकू येतो का अजून?"

"नाई मॅडम. थे गेले त्याच्यानंतर यायचा, वावरात. मले वाटे खरंच बोलून राह्यले. आता समजते, थे माह्या मनचंच व्हतं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी बरी हाव आता."

"असं सगळेच म्हणतात."

यशोदानं गुंडाळलेला पदर सोडला. मग एकदम म्हणाली, "मॅडम, पोरगी फोनवर मले माय नाई म्हनत. मामीले म्हनते, 'थ्या बाईचा फोन आला.' 'थ्या बाईचा,' म्हनते." पुढे तिला बोलवेना.

"शंभरातून सात वजा कर," विशाखा म्हणाली. "मग त्यातून पुन्हा सात."

औषधांचा ट्रे घेऊन आलेल्या मेश्राम सिस्टर दारातच थबकल्या. विशाखाला ते दिसलं. उन्हानं दमल्या असतील, असं तिला वाटलं.

यशोदानं डोळे पुसले आणि वजाबाक्या केल्या. सगळ्या बरोबर आल्या.

मनाच्या तपासणीत रक्त काढत नाहीत की छातीला नळी लावत नाहीत. माणूस कसा बसतो, कसा बोलतो, वाटतंय काय आणि चेहऱ्यावर दिसतंय काय, विचार धड चालतात की फाटे फुटतात, नसलेलं काही दिसतं वा ऐकू येतं का, स्मरण कसं आहे, हे सगळं पाहायचं आणि एकेका मथळ्याखाली लिहायचं. शेवटचा मथळा 'जाण'. आपल्याला काही झालं होतं किंवा झालं आहे, हे त्या माणसाला उमगतं का? सुटका की मुक्काम, हे पुष्कळदा त्या एका शब्दावर ठरतं.

कान आला तेव्हापासून हे मथळे तोच भरत असे. शब्दांमधल्या फटी, श्वासाची लांबी, आवाजाचा कंप, पापण्यांची हालचाल, असं माणसाच्या लक्षातही येणार नाही ते तो टिपत असे. आजही त्यानं लिहिलं होतं: 'भास नाहीत. जाण आहे. घरी सोडण्यास हरकत नाही.' गेले काही आठवडे तो हेच लिहीत होता. पण शेवटचा शब्द डॉक्टरचा, असा कायदा होता. विशाखानं नेहमीप्रमाणे ते खोडून लिहिलं: 'लक्षणं लपवते. जाण नाही. उपचार चालू ठेवावेत.' सही केली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिनं पडद्यावर आठवड्याचा मेळ उघडला. हा मेळ रुग्णांचा नसून डॉक्टरांचा असे. माणसाचा आवाज समोरच्याच्या आवाजाप्रमाणे वाकतो. समोरचा तुटक बोलला की आपणही आखडतो, तो मऊ झाला की आपणही सैलावतो. दूध मोजताना भांड्याचं वजन वजा करतात, तसा रुग्णाचा आवाज मोजताना कानाला डॉक्टरचा आवाज वजा करावा लागे. त्यासाठी त्यानं प्रत्येक डॉक्टरचा नेहमीचा आवाज साठवून ठेवलेला असे. दर गुरुवारी एकच ओळ यायची, 'परीक्षक: स्थिर.' विशाखा ती न वाचताच बंद करायची.

आज ओळी जास्त होत्या.

'परीक्षकाचा आवाज आठवड्यागणिक किंचित, पण वर्षभरात सातत्यानं बदलला आहे. परीक्षकाची स्वतंत्र तपासणी व्हावी.' आणि खाली तेच मथळे, तिच्याच नावानं भरलेले. 'पोशाख: नीटनेटका. बोलणं: वेग पूर्वीसारखा, चढउतार ओसरलेले. भाव: रुग्ण रडत असताना आवाजात पूर्वी येणारा मऊपणा आता येत नाही. स्मरण: उत्तम. जाण: तपासता आलेली नाही.'

विशाखाला हसू आलं. यंत्रच ते. कुठेतरी तार ढिली झाली असेल. पण हसता हसता तिच्यातल्या डॉक्टरनं त्या ओळी दुसऱ्या कुणाच्या असल्यासारख्या पुन्हा वाचल्या आणि त्या कोणत्या आजाराकडे बोट दाखवताहेत ते तिला कळलं.

विसरण्याच्या आजाराहून हा वेगळा. यात मेंदूचा पुढचा भाग हळूहळू वाळत जातो. पाढे, वार, औषधांची नावं, सगळं शाबूत राहतं. जातं ते दुसऱ्याचं दुःख आपल्याला टोचणं, कुठे काय बोलू नये याचा धरबंध. आणि सगळ्यात आधी जाते ती जाण. साधा स्कॅन कित्येकदा साफ येतो. महागडा स्कॅन कधी सांगतो, कधी नाही. रुग्णाला विचारावं तर तो म्हणतो, मला काय धाड भरलीय?

"मला काय धाड भरलीय?" विशाखा मोठ्यानं म्हणाली.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. आपलेच शब्द तिला ऐकू आले. टेबलावरच्या चकतीचा हिरवा दिवा चालू होता. तिनं रुमाल काढून त्यावर टाकला, आणि आपण हे काय करतोय ते लक्षात आल्यावर घाईघाईनं उचलला.

*

विशाखाचा नवरा प्रफुल्ल कृषी विद्यापीठात कपाशीच्या वाणांवर काम करायचा. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. एकुलता एक मुलगा बंगळुरूला होता. घरात दोघंच. जेवताना विशाखानं सरळ विचारलं, "प्रफुल्ल, मी बदललेय का?"

त्याचा घास हातात राहिला. "आज हे काय मधूनच?"

"विचारते ते सांग."

"कामाचा ताण आहे तुला," तो म्हणाला आणि वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण या माणसाचा चेहरा वाचतो असं आजवर ती गृहीत धरून चालली होती. आता ती अक्षरं लावू लागली. भुवया वर. नजर ताटात. हात उगाच हलतोय. हा खोटं बोलतोय, असा तिनं हिशेबानं निष्कर्ष काढला, आणि तो हिशेबानं काढावा लागला, हे तिच्या लक्षात आलं.

"गुळाचा डबा कुठे गेला?" तिनं विचारलं. "आठवडाभर सापडत नाही."

"मी कपाटात ठेवलाय. कुलपात."

"का?"

प्रफुल्लनं ताट बाजूला केलं. "कारण तू उभ्या उभ्या अर्धा डबा संपवतेस, विशाखा. पूर्वी गोडाला हात लावत नव्हतीस. आणि..." तो थांबला.

"आणि काय?"

"ताई गेली तेव्हाचं आठवतं तुला?"

प्रफुल्लची थोरली बहीण दिवाळीच्या आधी गेली होती. विशाखाला लख्ख आठवत होतं. वरुडचं घर, अंगणातली माणसं, बांबू बांधणारे दोघं. "आठवतं की. सगळं मीच तर बघितलं."

"तू भाच्याला म्हणालीस, मेलेल्या माणसाचं वजन वाढतं असं वाटतं, पण ते वाढत नाही, ताईच जाड होती. त्याच्या तोंडावर. तो लहान पोरासारखा रडत होता. नंतर तू पोहे मागितलेस. प्रेत अंगणात असताना."

"भूक लागली होती."

विशाखानं तो दिवस मनात पुन्हा उभा केला. भाचा, बांबू, पोह्यांची बशी, सगळं जागच्या जागी होतं. ती उलटून पालटून पाहत राहिली.

"मला सगळं आठवतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त त्यात चुकलं काय, ते सापडत नाही."

प्रफुल्लनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"इतके दिवस बोलला का नाहीस?"

"घाबरलो होतो," तो हातांमागून म्हणाला. "तूच डॉक्टर. तुला कोण सांगणार?"

*

रविवारी ती नागपूरला डॉ. तबस्सुम शेखकडे गेली. तबस्सुमला तपासणी विशाखानंच शिकवली होती. रुग्णाच्या शेजारी कसं बसायचं, गप्पांतून वार आणि महिना कसा काढून घ्यायचा, शांतता कधी मोडायची नाही. तिच्या दवाखान्याला त्या दिवशी सुट्टी होती. प्रफुल्ल बाहेरच्या बाकावर बसला.

"टेबलावरचा कान बंद कर," विशाखा आत शिरताच म्हणाली.

"केव्हाच केलाय, मॅडम."

तबस्सुमनं पाणी दिलं आणि तपासायला सुरुवात केली. वार, तारीख, मागच्या निवडणुकीतल्या गोष्टी. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. विशाखानं ते सांगितले त्या क्रमानं परत दिले, उलट क्रमानंही दिले.

"म्हणींचा अर्थ विचारणार नाहीस?"

"म्हणी तुम्हाला पाठ आहेत, मॅडम. त्यांची उत्तरं तुम्हीच मला लिहून दिली होती." तबस्सुमनं खाली बघत फोन काढला. "काल तुम्ही मला नोंदी बघायची परवानगी दिलीत. त्यातला एक तुकडा ऐकवते."

फोनमधून यशोदाचा आवाज आला. *पोरगी फोनवर मले माय नाई म्हनत... 'थ्या बाईचा,' म्हनते.* मग खोल, ओलसर शांतता. मग विशाखाचा स्वतःचा आवाज: *शंभरातून सात वजा कर.*

"ही बाई काय सांगतेय?" तबस्सुमनं विचारलं.

"मुलगी तिला फोनवर आई म्हणत नाही. फोन मामीकडे असतो. बोलण्यात सुसूत्रता आहे."

"आणि तिला काय वाटतंय?"

विशाखानं तोंड उघडलं. उत्तर जिभेवर असणार, अशी खात्री होती तिला. दार उघडावं आणि आत खोलीच नसावी, तसं झालं. तिथे शब्द होते, दुःख, खंत, पोटतिडीक. हवे तेवढे होते. पण त्यातला एकही त्या आवाजाला चिकटेना.

तिनं तबस्सुमकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"सर्दी झालीय का तुला?"

तबस्सुम हलली नाही. तिनं उत्तर दिलं नाही आणि डोळेही पुसले नाहीत. शांतता कधी मोडायची नाही, हे ती शिकली होती.

मग विशाखानं शाळेतलं गणित सोडवावं तसं एकेक पायरीनं मांडलं. आई. लेकरापासून दूर. लेकरू तिला परकी म्हणतं. ऐकणारीचे डोळे भरलेले. म्हणजे दुःख. म्हणजे यशोदा तिथे, माझ्यापासून हातभर अंतरावर, दुःखानं फुटत होती आणि मी तिला वजाबाकी घातली.

उत्तर आलं आणि त्याच्यामागोमाग भीती आली. अंधाऱ्या विहिरीत वाकून पाहताना कुणी मागून हात लावावा, तशी. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "तबस्सुम, मी किती जणांना असं... मी कानाचं किती वेळा खोडलं? सगळी माणसं तिथेच आहेत. मी लिहिलं म्हणून."

"मॅडम, पाणी घ्या."

"लिही आधी. भाव काय लिहिशील?"

"मला नाही लिहवत."

"लिही म्हणते ना! मी शिकवलंय तुला. रुग्ण ओळखीचा असला म्हणून मथळा कोरा ठेवत नाहीत." विशाखाचा आवाज सपाटच होता, हात मात्र खुर्चीवरून सुटत नव्हते. "जाण काय लिहितेस?"

तबस्सुमनं अखेर पेन उचललं. "अर्धी," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता घाबरलात ना? ते खरं आहे ना?"

"खूप."

"मग अर्धी नक्की आहे. पण पुढचं मी सांगू शकत नाही, मॅडम. किती दिवस राहील, ते कुणीच सांगू शकणार नाही."

परतीच्या वाटेवर बडनेऱ्यापर्यंत विशाखा मनाशी रुग्णांची नावं मोजत होती. मग म्हणाली, "सोमवारी अधीक्षकांना सांगणार आहे. माझ्या सहीनं अडकलेल्या प्रत्येक माणसाची पुन्हा तपासणी करा म्हणून."

प्रफुल्लनं गाडी कडेला घेतली. "नोकरी सोड. आजारपणाचं कारण दे. एवढं पुरे आहे. ते सगळं उकरलंस तर वर्तमानपत्रात येईल, कोर्टात जाईल. तुझं आयुष्यभराचं नाव..."

"आज मला कळतंय की हे केलं पाहिजे," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात कळेल की नाही, माहीत नाही. तेव्हा मी तुझ्यासारखंच म्हणेन, काय गरज आहे, आणि मला ते अगदी बरोबर वाटेल. कळतंय का तुला, मला कशाची भीती वाटतेय ते?"

ट्रक घोंघावत बाजूनं जात होते. प्रफुल्लनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

*

अधीक्षक आधी चिडले. मग त्यांनी दार लावून घेतलं, मग कुणाकुणाला फोन केले. विशाखा समोर बसून राहिली. ते मध्येच विचारत, "तुम्हाला खात्री आहे का, मॅडम?" आणि ती दर वेळी सांगे, "माझ्या खात्रीला आता किंमत नाही, सर. म्हणून तर दुसऱ्या कुणाला बसवा."

तबस्सुम आणि पुण्याहून आलेले दोन डॉक्टर मे महिनाभर वॉर्डात बसले. विशाखाचा नागपूरला महागडा स्कॅन झाला आणि शंकेला बळकटी मिळाली. तिची सही बंद झाली. वर्तमानपत्रांत आलंच. 'वेडी कोण, रुग्ण की डॉक्टर?' असा मथळा एकानं दिला. मुलगा बंगळुरूहून आला आणि तिच्याशी बोलताना सारखा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

पुन्हा तपासलेल्यांत बहुतेकांबाबत विशाखाचा निर्णय बरोबरच होता. पण काहींबाबत नव्हता. त्यांत यशोदा होती.

तिला सोडायच्या दिवशी विशाखा रुग्णालयात गेली. प्रफुल्ल म्हणाला होता, नको. तबस्सुम म्हणाली होती, तुमची इच्छा. काय बोलायचं ते विशाखानं घरी त्या दोघांना विचारून ठरवलं होतं, कारण आपल्याला सुचेल ते योग्य असेलच असा तिला आता भरवसा नव्हता. मेश्राम सिस्टरांनी यशोदाला फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली आणलं. भाऊ रिक्षात पिशव्या लावत होता. प्रफुल्ल थोडा मागे उभा राहिला.

"यशोदा," विशाखा म्हणाली, "तू बरी होतीस. तू सांगत होतीस ते मी ऐकलं नाही. माझ्यामुळे तू लेकीपासून लांब राहिलीस. माझं चुकलं."

शब्द सगळे बरोबर आले. ते कसे वाजले, तिला कळलं नाही.

यशोदा तिच्याकडे बघत राहिली. "सिस्टर सांगत व्हत्या, तुमाले डोक्याचं काई झालं म्हून."

"हो."

"तुमाले कोनी इचारलं का, बरं वाटते का म्हून?"

"विचारलं."

"आन तुमी म्हनल्या का, मी बरी हाव?"

"आधी म्हटलं."

"मंग? आयकलं कोनी?"

विशाखाकडे याचं ठरवलेलं उत्तर नव्हतं. "माझं सगळं ऐकून घेतात," ती म्हणाली. "आणि मग खरं काय ते मला सांगतात."

"नशीबवान हाये तुमी," यशोदा म्हणाली. "मी रोज भेवात राह्यली, मॅडम. वाटे, खरंच येडी असीन त? एवढी शिकेल बाई म्हनते, मंग असीनच. थे भेव कोनं लिवलं नाई कुठी." तिनं पदर खोचला. मग तिचा चेहरा हलला. ओठांच्या कडा ताणल्या गेल्या, डोळे बारीक झाले, आणि ती वळून रिक्षात जाऊन बसली. रिक्षा धुरळा उडवत मूर्तिजापूर रस्त्याला लागली.

विशाखा गाडीत येऊन बसली. तो शेवटचा चेहरा तिच्यासमोर जसाच्या तसा होता. ओठ, डोळे, कपाळावरची आठी. ती जुळवून पाहत होती. जुळत नव्हतं.

"प्रफुल्ल."

"हं."

"ती जाताना हसली का? मला वाटलं, हसली. म्हणजे तिनं माफ केलं का मला?"

प्रफुल्लचे हात स्टिअरिंगवर होते. 'हो' म्हणणं सोपं होतं. त्या एका शब्दानं ती शांत झोपली असती, आणि तिला ते कधीही कळलं नसतं. घामाची एक धार त्याच्या कानशिलावरून खाली आली.

"नाही," तो म्हणाला. "हसली नाही ती. तिला तुझा राग आला होता. खूप राग. रडू येऊ नये म्हणून तिनं ओठ दाबले होते."

विशाखानं मान हलवली. तिचा हात आसनावर चाचपडत आला आणि त्यानं प्रफुल्लचं मनगट पकडलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"असंच सांगत जा," ती म्हणाली. "मी भांडले तरी."